पुकारा

निळ्या शर्टातला माणूस झेरॉक्स काढायला गेला आणि तेवढ्यात त्याचा पुकारा झाला.

ऑगस्टचा पाऊस होता. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं कोर्ट. व्हरांड्यात ओल्या छत्र्या, दाराला त्या दिवसाचा बोर्ड टाचलेला. बोर्ड म्हणजे त्या दिवशी निघायच्या खटल्यांची यादी. या माणसाचा नंबर एकोणचाळीस. एकोणचाळीस नंबरवाल्याला वाटतं, अजून तासभर तरी आहे. पण पहिल्या वीसांतले निम्मे खटले 'साक्षीदार नाही, पुढची तारीख' एवढ्यावर अर्ध्या मिनिटात उरकतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. शिपाई दारात आला. आधी नुसतं नाव, मग वडिलांच्या नावासकट, मग तेच पुन्हा, पण जरा खालच्या आवाजात, कारण तिसरा पुकारा नुसता रीत म्हणून असतो. आत दंडाधिकारी मॅडमनी मान वर न करता विचारलं, "मागच्या तारखेला?" बेंच क्लार्क म्हणाले, "मागच्याही तारखेला गैरहजर." एक ओळ लिहिली गेली आणि चाळीस नंबर निघाला.

सहा मिनिटांनी तो आला. हातात आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स, त्याही भिजलेल्या. "माझं झालं का?" त्यानं शिपायाला विचारलं. झालं होतं. अजामीनपात्र वॉरंट झालं होतं.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून हे टिपत होतो. या लेखासाठी यंदाच्या पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस तिथं जाऊन बसलो. पण वार्ताहराचा अलिप्तपणा वगैरे माझ्यापाशी नाही, कारण त्याच व्हरांड्यात मी सात वर्षं आरोपी म्हणून उभा राहिलेलो आहे. २०१३ च्या दुष्काळात टँकर येत नाहीत म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो होतो, सव्वा तास. पोलिसांनी उचललं, संध्याकाळी टेबल जामिनावर सोडलं, आणि आम्ही तेवीस जण घरी जाऊन ते विसरूनही गेलो. भारतीय दंड विधानाची १४३, ३४१, १८८ ही कलमं आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५. २०१५ साली समन्स आलं तेव्हा कळलं, मी आरोपी क्रमांक १७ आहे.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण दिवाणीवाल्यांसाठी असावी. फौजदारीत पायरी चढायची का, हे आरोपीला कोणी विचारत नाही. त्यानं गुन्हा केला की नाही, हा प्रश्नसुद्धा फार उशिरा येतो. त्याआधी कित्येक वर्षं कोर्टाला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी असते: नाव पुकारलं की माणूस आत आला पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर या कोर्टातून शिक्षा होऊन जितके आत गेले, त्याहून जास्त वॉरंटावर गेले.

*

सुरुवात कागदानं होते, आणि पहिली चूकही तिथंच होते. पोलीस ठाण्याची नोटीस आणि कोर्टाचं समन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, असं कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात ते पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांनाही ठणकावलं. पूर्वी ती '४१-अ ची नोटीस' होती, आता '३५(३) ची' म्हणतात. ती आली की घाबरून मामाच्या गावी जाणारे मी पाहिलेत. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणं लिहून ठेवावी लागतात. जो जात नाही, तो त्यांना कारण आयतं देतो.

समन्स कोर्टाचं. त्यावर शिक्का, खटल्याचा नंबर, तारीख, वेळ. नंबराच्या आधी आरसीसी असेल तर नेहमीचा फौजदारी खटला, एससीसी असेल तर किरकोळ, झटपट चालवायचा. धनादेश न वटल्याचे '१३८'वाले खटले बहुतेक याच दुसऱ्या गठ्ठ्यात असतात, आणि तो गठ्ठा कपाटात मावत नाही. जुन्या कायद्यात आरोपी घरी नसेल तर समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच द्यायची सोय होती. आमच्यातले आरोपी क्रमांक ९, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर होते आणि घरी फक्त त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी. समन्स 'घरी मिळून आले नाहीत' असा शेरा घेऊन परत गेलं. आजींना कोणी काही सांगितलं नाही, आणि महिन्याभरानं पोलीस आला तो वॉरंट घेऊन. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात 'पुरुष' हा शब्द गेला आणि घरातल्या कोणाही सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. म्हणजे आता घरातल्या बाईनं सही करून घेतलेला कागद देवाच्या फोटोमागं खोचून ठेवला तर चालणार नाही.

नवे कायदे आल्यापासून व्हरांड्यात एक वेगळाच घोळ ऐकू येतो. कुठलं कलम, नवं की जुनं? त्याचं उत्तर सोपं आहे: घटना कधी घडली ते पाहा. ३० जून २०२४ ला झालेली मारामारी अजूनही ३२३, ५०४, ५०६ अशी त्रिमूर्ती घेऊनच कोर्टात येते. दुसऱ्या दिवशी झालेली तीच मारामारी ११५(२), ३५२, ३५१ होऊन येते. शिव्या त्याच, काठी तीच. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते, ती तशीच आहे. दंडाची मर्यादा मात्र १०,००० वरून ५०,००० वर गेली. दारू पिऊन भररस्त्यात धिंगाणा घालण्यासारख्या काही किरकोळ गुन्ह्यांत समाजसेवेची शिक्षाही आली आहे. मुंबईतले महानगर दंडाधिकारी नव्या संहितेत राहिले नाहीत. ती कोर्टंही आता आमच्या तालुक्यासारखी प्रथमवर्गच.

तारखेचं म्हणाल तर आमच्या वेळी पुढची तारीख हातावर पेनानं लिहून आणायची. आता ई-कोर्ट्सचं ॲप आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, आपल्याकडचा 'एमएच'नं सुरू होणारा. तो टाकला की पुढची तारीख दिसते आणि मागं काय काय झालं तेही. निळ्या शर्टवाल्याच्या मोबाईलमध्ये तीन पत्त्यांचे खेळ होते, हे ॲप नव्हतं. मी त्याला ते उतरवून दिलं. तरीही माझं मत असं की कोर्टातून निघण्याआधी बेंच क्लार्कच्या तोंडून किंवा वकिलाकडून तारीख ऐकावी. खरं ते रोजनाम्यात लिहिलेलं.

*

अटक होऊन कोर्टात यायचं असेल तर गोष्ट निराळी. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. हे राज्यघटनेतच आहे, बाविसाव्या अनुच्छेदात. या पहिल्या उभं राहण्यात दोन-अडीच मिनिटं जातात, आणि त्यातला एक प्रश्न मी या पावसाळ्यात इतक्या वेळा ऐकला की त्याची चाल पाठ झाली. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी बाजूच्या हवालदाराकडे पाहतो आणि म्हणतो, "नाही." एकदा एक पोरगा लगेच बोलला नाही. मॅडमनी हवालदाराला बाहेर जायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं शर्टाची बाही वर केली. वैद्यकीय तपासणीचा आदेश तिथल्या तिथं झाला. महिन्यानं वकिलामार्फत मारहाणीचा अर्ज देताही येतो, पण तोवर वळ राहत नाहीत.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. वकील हवा असं तिथंच म्हणता येतं, आणि नसेल तर तो सरकारी खर्चानं मिळतो. अजमल कसाबच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिल्यांदा हजर केल्यावरच आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. जे त्याच्यासाठी, ते गल्लीतल्या सायकलचोरासाठीही. कोठडीत असलेला कोणीही, कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्याच आवारात असतं. फोन नंबर १५१००. 'फुकटचा वकील कसला' असं व्हरांड्यात हमखास म्हणतात. मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत आणि फीवरून भाकीत करायचं सोडून दिलं आहे.

वकील कोणताही असो, वकालतनाम्यावर सही केली म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नये. आमच्या तेवीस जणांपैकी चौघांना शेवटपर्यंत वकिलाचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. फी ठोक ठरली की दर तारखेला, ते आधी बोलून घ्यावं. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले तर ज्युनिअर कोण येणार, त्याचा नंबर घ्यावा. निळ्या शर्टवाल्याचे वकील त्या वेळी वरच्या मजल्यावर उलटतपासणी घेत होते. ते खाली असते तर "आरोपी आवारातच आहे" एवढं एक वाक्य पुरलं असतं.

*

जामीन हा शब्द घरोघरी ऐकलेला असतो, पण जामीनदार शोधायला निघेपर्यंत त्याचं वजन कळत नाही.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो मागावा लागतो आणि कोर्ट विचार करून देतं किंवा नाकारतं. आणखी एक दार आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर जामीन आपोआप हक्काचा होतो. पण अर्ज दिला तरच. अर्जाआधी दोषारोपपत्र येऊन पडलं की दार बंद.

आमचे गुन्हे जामीनपात्र. पहिल्या हजेरीला आदेश झाला: प्रत्येकी पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जातमुचलका म्हणजे मी स्वतः लिहून देतो की येईन. जामीनदार म्हणजे दुसरा कोणी लिहून देतो की हा येईल, नाही आला तर पैसे माझ्याकडून घ्या. कागद असे: जामीनदाराचा सातबारा, आधार, रेशन कार्ड, दोघांचे फोटो. माझे काका आले होते, माझं तासाभरात झालं. आबांनी मेहुण्याला आणलं होतं, त्याचा सातबाराही होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा. "ताजा आणा." तलाठी त्या दिवशी सजेवर नव्हते. मॅडमनी, त्या वेळच्या, दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. आबांनी त्या रात्री एसटी स्टँडवर काढली, कारण परत गावी जाऊन यायला भाडं नव्हतं. त्यानंतर सातही वर्षं त्यांच्या हातात खताच्या दुकानाची एक पिवळी पिशवी असायची. सातबारा आता सरकारच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत मिळतो. त्या रात्री तो मिळत नव्हता.

जामीनदाराला तो काय लिहून देतोय हे नीट सांगावं. भाऊबंद म्हणून माणूस सही करतो आणि दोन वर्षांनी आरोपी गायब झाला की त्याच्या दारात नोटीस येते: रक्कम का वसूल करू नये? आपण आणखी कितीजणांना जामीन आहोत, हेही त्याला कोर्टात लिहून द्यावं लागतं. नको झालं तर 'मला यातून मोकळं करा' असा अर्ज तो देऊ शकतो. पैसे घेऊन परक्याला जामीन राहणारे कोर्टाच्या फाटकाबाहेर भेटतात. त्यांच्या सातबारावरची जमीन कधीकधी तलावाच्या पाण्याखाली गेलेली असते, कधी मुळात नसतेच, आणि ते उघडकीला आलं की मूळचा साधा मारामारीचा आरोपी फसवणुकीच्या नव्या गुन्ह्यात उभा राहतो.

ज्याला कोणीच नाही त्याचं काय? जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं कोर्टानं धरून चालायचं आणि नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. जामीनदाराऐवजी रोख भरायची परवानगीही मागता येते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक माणूस आला. बऱ्याच खटल्यांत जामीन मंजूर, पण प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार कुठून आणणार म्हणून आतच. न्यायालयानं तेच जामीनदार सगळीकडे चालतील असं सांगितलं. जामीनदार हा नातेवाईक नाहीतर जुना मित्रच असतो, आणि असे किती असणार, हे न्यायमूर्तींनीही निकालात म्हटलं. ते वाचताना मला मेहुण्याशेजारी उभे असलेले आबा दिसले.

*

आता तो प्रश्न, ज्याला एका शब्दात उत्तर द्यायचं असतं. "गुन्हा कबूल आहे का?"

एका शुक्रवारी जुगाराच्या धाडीतले सहाजण ओळीनं उभे होते. आरोप वाचून झाला. "कबूल?" "कबूल." "कबूल." सहाही जणांचं मिळून तीन मिनिटांत आटोपलं. तीनशे रुपये दंड, पावती, घरी. त्यातला एक एकवीस-बावीसचा, पायात पळायचे बूट. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय करतोस? "पोलीस भरतीची तयारी."

"मग कबूल कशाला म्हणालास?"

"हवालदार म्हणाले, हो म्हण, आत्ता तीनशेत सुटशील. नाही म्हणालास तर तारखा."

हवालदार खोटं बोलले नव्हते. दोन्ही खरं होतं. फक्त तिसरी गोष्ट सांगायची राहिली: 'सुटशील' हा शब्द चुकीचा होता. तो सुटला नव्हता. त्याला शिक्षा झाली होती. तीनशे रुपयांची असली तरी दोषसिद्धी. भरतीच्या फॉर्मात गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का, असे रकाने असतात, आणि मग चारित्र्य पडताळणी. लपवावं, तर लपवणं हेच नोकरी जायचं कारण ठरतं. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं याचा बराच ऊहापोह केला आहे. किरकोळ प्रकरण खरं सांगितलेल्या उमेदवाराचा विचार सहानुभूतीनं होऊ शकतो, पण आधी खरं सांगायला हवं. मी हे त्या पोराला सांगितलं तेव्हा तो पावतीची घडी घालत होता. ती त्यानं पुन्हा उलगडून वाचली.

कबूल कधीच म्हणू नये, असं मी म्हणणार नाही. दारू पिऊन गाडी चालवताना यंत्रात फुंकर मारून सापडलेल्यानं पाच वर्षं तारखा करण्यात अर्थ नसतो. पण तो निर्णय वकिलाशी बोलून, घरी बसून घ्यावा, पिंजऱ्यात उभं राहून नाही. आणि कबूलच करायचं तर १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. पहिल्यांदाच किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्याला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्ट सोडू शकतं, आणि तसं सोडलेल्याला दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही, असं त्याच्या बाराव्या कलमात आहे. ते मागावं लागतं. दोन महिन्यांत मी ते एकदाच मागितलेलं ऐकलं.

आणखी एक उत्तर असतं, ते कोणी देत नाही: "समजलं नाही, साहेब." १९९८ पासून राज्यातल्या तालुका-जिल्ह्याच्या फौजदारी कोर्टांची भाषा मराठी आहे, पण ही मराठी पोलीस ठाण्यातून येते. 'सदर इसमांनी आपसात संगनमत करून गैरकायद्याची मंडळी जमवून...' आमच्या आबांना वाटलं, मंडळी म्हणजे आजी. "माझी मंडळी घरीच होती," ते म्हणाले. कोर्ट हसलं. मॅडमही हसल्या, पण मग त्यांनी साध्या बोलीत पुन्हा सगळं सांगितलं: तुम्ही पाचाहून जास्त लोक जमून रस्ता अडवला असं म्हणणं आहे. आबा म्हणाले, "पाणी अडलं होतं, रस्ता नाही." बेंच क्लार्कनी लिहिलं: गुन्हा नाकबूल.

त्याआधी दोषारोपपत्राची पूर्ण नक्कल हातात आली पाहिजे. ती फुकट मिळते. नव्या संहितेत हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत द्यायची असं बंधन आहे. ती घरी नेऊन वाचावी. वकिलापेक्षा आपल्याला जास्त कळतं, कारण गावातली माणसं आपल्याला ठाऊक असतात. पंचनाम्यावर सही करणारा पंच त्या दिवशी गावात होता का? सगळ्या साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातले, स्वल्पविरामासकट सारखे आहेत का? तारखा पाहाव्या. वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल वर्षाच्या आतच घेता येते, अशी मुदत आहे. आमच्यावरचं १८८ तर पहिल्याच वाचनात लंगडं निघालं. मनाई आदेश मोडल्याच्या त्या कलमासाठी अधिकाऱ्याची लेखी तक्रार थेट कोर्टाकडे जावी लागते, नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर भागत नाही.

*

मग तारखा. यावर लिहिण्यासारखं थोडं आहे, कारण घडत थोडंच. साहेब रजेवर. साक्षीदार नाही. फिर्यादी पोलीस नाईक बदली होऊन दोन जिल्हे पलीकडे गेलेले. वकिलांचा बहिष्कार. करोना. मी सात वर्षांत एक्केचाळीस तारखा केल्या, त्यातल्या सहा तारखांना काही तरी घडलं. रोजंदारीवरच्या माणसाला एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वडापाव.

जमणार नसेल तर हजेरी माफीचा अर्ज असतो. वकिलाला सकाळी फोन करून कारण सांगायचं, दवाखान्याचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवायचा. वकील पुकाऱ्याला अर्ज देतो आणि बहुधा तो मंजूर होतो. दुपारी तीनला फोन करून उपयोग नाही. वॉरंट निघालंच तर त्याच दिवशी, कागद पोलीस ठाण्याकडे जायच्या आत, स्वतः उभं राहून रद्द करून घ्यावं. निळ्या शर्टवाल्याचं तसंच झालं: जेवणाच्या सुट्टीनंतर वकील आले, अर्ज दिला, मॅडमनी दोनशे रुपये भरायला लावले आणि वॉरंट रद्द केलं. तो पळून गेला असता तर? जामिनावर असताना कारणाशिवाय गैरहजर राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैदेचा. मूळ गुन्हा महिन्याचा आणि न येण्याचा वर्षाचा, असंही होऊ शकतं.

व्हरांड्यात साक्षीदारांशी बोलायचं नाही, हे मात्र आम्ही पाळलं नाही. पंच चौकातल्या हॉटेलचा मालक, चहा त्याच्याकडेच. नशीब बलवत्तर म्हणायचं. साक्षीदाराला गाठला अशी नुसती तक्रार झाली तरी जामीन जाऊ शकतो. तो पंच पुढे पिंजऱ्यात म्हणाला, "पोलिसांनी सही करा म्हटलं, मी केली. कागदावर काय होतं माहीत नाही." सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवला. त्यानं आमच्यासाठी केलं असं त्याला कोणी म्हणू नये. ते शब्दशः खरं होतं.

साक्षी संपल्या की आरोपीचा जबाब. त्यासाठी मी भाषण तयार करून गेलो होतो, दुष्काळ, टँकर, पिण्याच्या पाण्याचा हक्क. मॅडमनी अकरा प्रश्न विचारले. "अमुक साक्षीदार म्हणतो की तुम्ही घोषणा देत होता. काय म्हणायचंय?" वकिलांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, 'खरं नाही', नाहीतर 'माहीत नाही', पुढं बोलायचं नाही. इथं शपथ नसते, उत्तर न देण्याची मुभाही असते, पण जे बोलाल ते आपल्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. शेवटी विचारतात, "आणखी काही सांगायचंय?" मी म्हणालो, "टँकर दुसऱ्या दिवशी आला." तेवढंच लिहून घेतलं गेलं.

मिटवामिटवीचं थोडक्यात. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी फिर्यादीच्या संमतीनं लोकअदालतीत मिटते. धनादेशाचे खटले तर मिटवण्यासाठीच चालतात असं वाटावं. पण हत्यारानं दुखापत केल्याचं ३२४ खालच्या कोर्टात मिटत नाही, दोन्ही भाऊ एका ताटात जेवायला लागले तरी नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून फिर्यादीत काठीची कुऱ्हाड होते तेव्हा काय होतं, हे फिर्याद देणाऱ्यालाही कळत नाही.

*

आमचा निकाल २०२२ च्या जानेवारीत लागला. मास्क लावून तेवीसांतले एकवीस उभे होतो. दोघे वारले होते. एकाचा मृत्यूचा दाखला कागदात लागलेला होता. दुसऱ्याचा लागायचा राहिला होता, म्हणून त्याचा पुकारा झाला. तीन वेळा. त्याच्या मुलानं दारातून सांगितलं, "वडील गेले, नोव्हेंबरात." बेंच क्लार्क म्हणाले, "दाखला आणलाय का?" त्यानं आणला होता.

निर्दोष मुक्तता. वाचायला मिनिटभर लागलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कोणालाच काय करायचं ते सुचेना. एवढ्यात वकील म्हणाले, "थांबा, जाऊ नका कोणी. बंधपत्र द्यायचंय. सरकारनं अपील केलं तर वरच्या कोर्टात हजर राहायचं म्हणून. सहा महिन्यांचं."

"सुटलो ना?" आबांनी विचारलं.

"सुटला, आबा. पण जामीनदार लागेल."

बाकीच्या एकोणीस जणांनी एकदमच मोबाईल काढले. आबांनी पिवळी पिशवी बाकावर ठेवली, गाठ सोडली, आणि मेहुण्याचा त्याच आठवड्यात काढलेला सातबारा, त्यावर क्लिपनं लावलेले दोन फोटो, आधारची झेरॉक्स, असं एक एक टेबलावर मांडलं.